वर्षभराच्या तांत्रिक लेखनाची झाडाझडती, आणि त्यातून निघणारं पुढच्या वर्षाचं काम

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या ऑफिसात एसीची घरघर ऐकू येते, एवढी शांतता असते. अमेरिकेतले क्लायंट सुट्टीवर. प्रॉडक्शनवर फ्रीझ, म्हणजे नवीन वर्ष उजाडेपर्यंत कुणी काही डिप्लॉय करायचं नाही. निम्मी टीम कोकणात, उरलेली गोव्यात. हा आठवडा मी एका कामासाठी राखून ठेवते. वर्षभरात जे काही तांत्रिक लिहिलं, ते सगळं काढून बघायचं आणि पुढच्या वर्षी काय करायचं ते त्यावरून ठरवायचं.

मी पुण्यात डेटाबेसचं काम करते, बहुतेक पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरचं, आणि त्याबद्दल स्वतःच्या साइटवर लिहिते. पहिल्या वर्षाच्या शेवटी मीही सगळे करतात तेच केलं होतं: यंदा इतके लेख, इतके वाचक, पुढच्या वर्षी दर आठवड्याला एक. फेब्रुवारीतच ते बारगळलं. मी स्वतःला आळशी म्हणून मोकळी झाले, पण खरी गोष्ट वेगळी होती. तो संकल्प मी हवेतून काढला होता. माझ्या लेखनाशी, माझ्या कामाशी, माझ्या घड्याळाशी त्याचा काही संबंध नव्हता. आता मी आधी मागचं सगळं उलटंपालटं करून बघते: कुठे अडले, कुठे चुकले, कुठे अंदाजे ठोकून दिलं. पुढचं वर्ष बहुतेक वेळा तिथेच दडलेलं असतं. एकूण चार दुपारी लागतात. कशा घालवायच्या ते सांगते.

पहिली दुपार: कीर्द लिहून काढा

आमच्या बाबांचं सांगलीत हळदीचं अडत दुकान होतं. दिवाळीच्या पाडव्याला नवीन वही सुरू व्हायची, पण त्याआधी आठवडाभर जुनी वही उघडून बसलेले बाबा मला आठवतात. आधी रोजकीर्द, म्हणजे रोजच्या नोंदींची वही, नीट हवी, मग खतावणी, म्हणजे त्या नोंदींची खात्यांनुसार मांडणी, मग नफातोटा, असा त्यांचा क्रम. कीर्दच अर्धवट असेल तर पुढचं सगळं मनाचं गणित.

म्हणून पहिल्या दुपारी निष्कर्ष काढायचे नाहीत, फक्त नोंदी करायच्या. साधी स्प्रेडशीट पुरते. प्रत्येक लेखाची एक ओळ आणि रकाने असे: शीर्षक, सुरुवात कधी केली, प्रसिद्ध कधी झाला, कशामुळे लिहिला, अंदाजे किती तास गेले, कुठे अडले, आणि नंतर त्याचं काय झालं. साइट ह्यूगो किंवा जेकिलसारख्या साइट बनवणाऱ्या साधनावर असेल आणि फाइली गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात, असतील तर तारखा आठवत बसायला नको. त्या फाइलचा पहिला कमिट (नोंदवलेला बदल) आणि प्रसिद्धीची तारीख यांत किती दिवस गेले, ते लगेच कळतं. माझा एक लेख मार्चमध्ये सुरू होऊन ऑगस्टमध्ये बाहेर पडला होता. मला तो ‘दोन दिवसांत लिहिलेला’ म्हणून आठवत होता!

अर्धवट राहिलेले मसुदेही यादीत घ्या. हे बहुतेक लोक वगळतात आणि तिथेच फसतात. माझ्या यादीत २३ प्रसिद्ध लेख होते आणि १४ मसुदे. त्या १४ मधले ५ एकाच विषयावरचे निघाले. पाच वेळा एका दारापाशी जाऊन परत आले होते, आणि ते मला माहीतच नव्हतं.

‘कशामुळे लिहिला’ हा रकाना प्रामाणिकपणे भरा. तो कुणालाही दाखवायचा नाहीये. माझ्याकडे चार कारणं निघाली: रात्रीचा इन्सिडंट (सिस्टीममध्ये अचानक झालेला बिघाड), कुणीतरी विचारलं, मी स्वतः शिकत होते, आणि ‘नवी आवृत्ती आली, सगळे लिहितायत’. पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास येते, त्यामुळे चौथ्या कारणाची लाट ठरलेली. त्या लाटेतले माझे सहाही लेख तीन महिन्यांत निर्जीव झाले, कारण मूळ रिलीज नोट्समध्ये तेच सगळं माझ्यापेक्षा नेमकं लिहिलेलं असतं. इन्सिडंटनंतर लिहिलेले लेख मात्र अजून कुणी ना कुणी उघडतं.

आकड्यांना अर्धी दुपार, जास्त नको

गूगल सर्च कन्सोल, म्हणजे गूगलच्या शोधात तुमची साइट कशी दिसली ते दाखवणारं साधन, १६ महिन्यांची माहिती ठेवतं. म्हणजे डिसेंबरात बसलात तर वर्ष पूर्ण मिळतं, पण पुढच्या उन्हाळ्यात बसलात तर सुरुवातीचे महिने हळूहळू गळायला लागलेले असतात. तेव्हा आधी सगळं उतरवून स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवा. तिथल्या तक्त्यातून एका वेळी १००० ओळीच मिळतात, पण एकट्या माणसाच्या साइटला तेवढ्या खूप झाल्या.

त्यात बघायच्या गोष्टी दोनच. एक, लेख शोधयादीत पुष्कळदा दिसला पण फारच कमी लोकांनी तो उघडला, असं कुठे झालंय का. तसं असेल तर बहुतेक वेळा शीर्षकात खोट असते. ‘पोस्टग्रेस आणि मी: काही अनुभव’ असं शीर्षक देणाऱ्या बाईचा लेख रात्री दोन वाजता डिस्क भरलेला माणूस कशाला उघडेल? दुसरी गोष्ट जास्त मोलाची: लोक काय शब्द टाइप करून तुमच्यापर्यंत पोचले. टेबलचा आकार कसा मोजायचा यावर माझा एक छोटा लेख होता. त्यावर येणाऱ्यांपैकी बरेच जण विचारत होते की डेटा डिलीट केला तरी डिस्क मोकळी का होत नाही. मी त्या लेखात त्याबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं. लोक दार वाजवत होते आणि मी आत टेप घेऊन टेबल मोजत बसले होते.

तो प्रश्न कीर्दीत स्वतंत्र ओळ म्हणून गेला. असे पाच-सहा प्रश्न मिळाले की आकडे बंद करा. महिन्याला चाळीस क्लिक मिळवणाऱ्या लेखावर टक्केवारी काढत बसणं म्हणजे दोन नाण्यांच्या उडवाउडवीवरून भविष्य सांगणं. आणि सगळ्यात जास्त वाचला गेलेला लेख तुमचा सगळ्यात चांगला लेख असतोच असं नाही. माझा पहिल्या क्रमांकाचा लेख विंडोजवर पोस्टग्रेस बसवण्याबद्दलचा आहे. तो लिहिताना मी काहीही नवीन शिकले नाही, आणि तसल्या लेखांचं अख्खं वर्ष काढावं असं मला वाटत नाही.

दुसरी दुपार: स्वतःचेच लेख वाचा, आणि चालवून बघा

हा भाग सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात कामाचा. लेख फोनवर वाचा, कारण ऑन-कॉल, म्हणजे बिघाड झाला तर धावून जायच्या पाळीवर, असलेला माणूस तो बऱ्याचदा फोनवरच उघडतो. मग लेखातली प्रत्येक कमांड कोऱ्या कंटेनरमध्ये, म्हणजे बाकी कशाचा संबंध नसलेल्या वेगळ्या कप्प्यात, आत्ताच्या आवृत्तीवर चालवा. तुमच्या लॅपटॉपवर ती चालेलच. तिथे वर्षभराच्या सेटिंग्ज साचलेल्या असतात. प्रत्येक लेखापुढे एक शेरा मारा: चालतो, शिळा झाला, किंवा चुकीचा आहे. पोस्टग्रेसच्या एका मोठ्या आवृत्तीला साधारण ५ वर्षं आधार मिळतो. १२ व्या आवृत्तीचा आधार नोव्हेंबर २०२४ मध्ये संपला. लेखात फक्त तिचंच उदाहरण असेल तर तो आपोआप ‘शिळा’च्या ढिगात.

आता ‘चुकीचा’ म्हणजे काय ते जवळून दाखवते. मोठ्या टेबलवरच्या मायग्रेशनबद्दल, म्हणजे टेबलच्या रचनेत बदल करण्याबद्दल, माझा एक लेख होता. त्यात मी ठणकावून लिहिलं होतं की मोठ्या टेबलात डीफॉल्ट किमतीसह (काही दिलं नाही तर भरलं जाणारं ठरलेलं मूल्य) नवा कॉलम कधीही जोडू नका, कारण सगळं टेबल नव्याने लिहिलं जातं आणि तोवर ते बंद राहतं. पहिल्या नोकरीत एका सीनियरने मला हे शिकवलं होतं. त्यांनी शिकवलं तेव्हा ते खरंही होतं. पण २०१८ मध्ये आलेल्या पोस्टग्रेस ११ पासून ते बदललं. डीफॉल्ट किंमत स्थिर असेल तर पोस्टग्रेस ती कॅटलॉगमध्ये, म्हणजे टेबलांची माहिती ठेवणाऱ्या स्वतःच्या नोंदवहीत, एकदाच नोंदवतं आणि जुन्या रोंना (टेबलमधल्या ओळींना) हातच लावत नाही. दर रोला वेगळी किंमत काढावी लागणारं फंक्शन दिलं, उदाहरणार्थ रँडम, तरच टेबल पुन्हा लिहिलं जातं.

कोऱ्या कंटेनरमध्ये मी ५० लाख रोंचं टेबल बनवलं, कॉलम जोडला, आणि एंटरवरचं बोट उचलेपर्यंत काम झालेलं. दोनदा करून बघितलं. कान गरम झाले. आठवलं की टीममधल्या एका मुलाने सप्टेंबरात अशाच कामासाठी तीन टप्प्यांचं मायग्रेशन लिहिलं होतं: आधी रिकामा कॉलम, मग तुकड्यातुकड्याने भरणं, मग डीफॉल्ट. तेव्हा मी त्याला विचारलं होतं, एवढं लांबण कशाला लावलंस? तो म्हणाला होता, “ताई, तुमच्याच लेखात होतं ना.” मी हसून सोडून दिलं होतं.

ही चूक मी तशीच पुसून टाकली असती तर तिच्याखाली दडलेली गोष्ट सापडली नसती. ती अशी: टेबल नव्याने लिहिलं जात नाही हे खरं, पण कॉलम जोडायला क्षणभर का होईना, संपूर्ण टेबलवर सर्वांत कडक लॉक लागतो, म्हणजे तोवर दुसऱ्या कुणाला ते वाचताही येत नाही. त्या टेबलवर कुणाचं लांबलेलं ट्रान्झॅक्शन (एकत्र पार पाडायच्या कामांचा गठ्ठा) चालू असेल तर आपली कमांड त्याच्यामागे थांबते, आणि मग साध्या वाचणाऱ्या क्वेरीसुद्धा आपल्यामागे रांग लावतात. धोका आहे तो या रांगेचा. त्यावर उपाय म्हणजे लॉक टाइमआउट दोन-तीन सेकंदांवर ठेवायचा, नाही मिळाला लॉक तर माघार घ्यायची आणि थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करायचा. मी इतकी वर्षं चुकीच्या भुताला घाबरत होते. खरं भूत शेजारच्या खोलीत होतं.

दुरुस्ती करायची ती उघडपणे. बाबांच्या कीर्दीत खाडाखोड चालत नसे. नोंद चुकली की ती तशीच ठेवून खाली उलटी नोंद करायची. लेखाच्या वरच्या बाजूला तारीख घालून दोन ओळी लिहा की आधी काय लिहिलं होतं, आता काय बरोबर आहे, कोणत्या आवृत्तीपासून. दोन शिळे लेख एकत्र करणार असाल तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे ३०१ रीडायरेक्ट (कायमची पुढे पाठवणी) लावा. तो जुना पत्ता कुणाच्या तरी टीमच्या विकीत चिकटवलेला असतो, आणि ४०४ (पान सापडत नाही) दिसायची वेळ नेमकी मध्यरात्री येते.

चालवून बघतानाच आणखी एक तपासणी उरकून घ्या: लेखात क्लायंटचं काही सांडलंय का. माझ्या एका स्क्रीनशॉटमध्ये टर्मिनलच्या प्रॉम्प्टवर सर्व्हरचं पूर्ण नाव दिसत होतं, आणि त्या नावात क्लायंटचं नाव. आठ महिने ते तसंच होतं. चित्र बदललं, पण गिटच्या इतिहासात जुनं चित्र राहतंच, आणि रेपॉझिटरी सार्वजनिक असेल तर ते कुणीही काढू शकतं. इतिहासातून ते खरवडून काढावं लागलं आणि मॅनेजरला जाऊन सांगावं लागलं. ते सांगणं त्या सगळ्या आठवड्यातलं सगळ्यात अवघड काम होतं. चित्रात पासवर्ड किंवा किल्ली असती तर नुसतं काढून भागलं नसतं. ती तत्काळ बदलावीच लागते. टेबलांची नावं, आयपी पत्ते, खऱ्या ग्राहकांच्या रो, हे सगळं एकदा डोळ्यांखालून घाला. आणि नोकरीच्या करारातलं गोपनीयतेचं कलम शेवटचं कधी वाचलंत तेही आठवून बघा.

तिसरी दुपार: ढीग करा, आणि पळवाटा शोधा

दस्तऐवज लिहिणाऱ्यांमध्ये डायाटॅक्सिस नावाची एक मांडणी प्रचलित आहे, डॅनिएले प्रोचिदा यांनी केलेली. तांत्रिक लेखनाचे ती चार प्रकार पाडते. मी त्यांना माझ्यापुरतं धडा, कृती, संदर्भ आणि उलगडा म्हणते. नवख्याचा हात धरून शिकवलेला तो धडा. ‘बॅकअप असा घ्या’ ही कृती. सेटिंग्जचा तक्ता हा संदर्भ. आणि ‘डिलीट करूनही डिस्क मोकळी का होत नाही’ हा उलगडा. ही मांडणी खरं तर वाचकाच्या सोयीसाठी आहे. मी ती लेखिकेच्या तपासणीसाठी वापरते.

माझे २३ लेख ढिगांत टाकले तर १७ कृती, ३ धडे, २ संदर्भ, आणि उलगडा एक. म्हणजे मला कसं करायचं ते येतं, का ते येत नाही. किंवा येतं असं मला वाटतं, पण लिहायची वेळ आली की मी कृतीच्या आडोशाला जाते. ही माहिती कोणत्याही अप्रेझल फॉर्ममधून मला मिळाली नसती.

मग पळवाटांचा शोध. सगळ्या लेखांच्या फाइलींमध्ये हे शब्द शोधा: ‘आपोआप’, ‘साधारणपणे’, ‘काही कारणाने’, ‘वगैरे’, ‘शक्यतो’, ‘बेस्ट प्रॅक्टिस’. इंग्रजीत लिहीत असाल तर त्यांचे तिकडचे भाऊबंद. सगळेच दोषी नसतात. पण प्रत्येक ठिकाणी थांबून स्वतःला विचारा: इथे मला माहीत होतं आणि वाचकाला नको होतं म्हणून गाळलं, की मलाच माहीत नव्हतं?

माझ्याकडे ‘आपोआप’ ११ वेळा सापडला. त्यातला ७ वेळा एकाच संदर्भात: ‘मेलेल्या रोंची सफाई ऑटोव्हॅक्यूम आपोआप करतो.’ मेलेल्या रो म्हणजे डिलीट झालेल्या किंवा बदललेल्या रोंच्या जुन्या प्रती, आणि ऑटोव्हॅक्यूम म्हणजे त्या साफ करणारी पोस्टग्रेसमधली यंत्रणा. पण सफाई कधी करतो? मी गप्प. उत्तर मूळ दस्तऐवजात सरळ लिहिलेलं आहे: डीफॉल्ट सेटिंगवर ५० रो अधिक टेबलच्या २० टक्के इतक्या रो मेल्या की त्या टेबलची पाळी येते. हजार रोंच्या टेबलला हे ठीक. पण ५ कोटी रोंच्या टेबलात २० टक्के म्हणजे १ कोटी. तितक्या मेलेल्या रो साठेपर्यंत ‘आपोआप’ काहीही होत नाही. आणि सफाई झाली तरी साधा व्हॅक्यूम ती जागा त्याच टेबलच्या पुढच्या रोंसाठी मोकळी करतो. टेबलच्या शेवटाची रिकामी पानं सोडली तर ऑपरेटिंग सिस्टीमला परत देत नाही. म्हणून डिलीट केल्यावरही डिस्क भरलेलीच दिसते. दार वाजवणाऱ्यांचा प्रश्न, माझे अर्धवट राहिलेले पाच मसुदे आणि हा ‘आपोआप’ एकाच खोलीत निघाले.

असं तीन बाजूंनी एकाच जागी बोट पडलं की पुढच्या वर्षाचा विषय शोधत फिरायची गरज नसते.

याच दुपारी आणखी एक छोटं काम: आलेले निरोप एकत्र करा. मेल, स्लॅकवरचे उल्लेख, व्हॉट्सॲपवरचे ‘मस्त लिहिलंय’. कौतुक बाजूला ठेवा, ते गोड लागतं पण कामाचं नाही. ‘तुमचं बघून केलं, पण इथे अडलं’ असा निरोप लाखाचा. असे वर्षात चारच आले मला. चारही कीर्दीत.

चौथी दुपार: आधी तास मोजा, मग ध्येय लिहा

दर आठवड्याला एक लेख म्हणजे किती? माझा एक कृतीचा लेख साधारण ६ तास खातो. ५२ आठवड्यांचे ३१२ तास झाले, म्हणजे आठ तासांचे ३९ दिवस. तेवढी तर मला वर्षभराची रजाही मिळत नाही. आता माझं खरं वर्ष मोजते. दर चौथा आठवडा ऑन-कॉल, म्हणजे १३ गेले. गणपती, दिवाळी, मोठ्या रिलीजचे आठवडे, मुलीच्या परीक्षा, गावाकडच्या दोन फेऱ्या, मिळून ९. उरले ३०. त्यांत आठवड्याला तीन तासांची एक बैठक धरली तर ९० तास. इतकंच भांडवल. त्यात १५ कृती होतील, नाहीतर उलगडे होतील ८, कारण उलगड्याला मला ११ तास लागतात. दोन्ही होणार नाही.

हे गणित मांडल्यावर ध्येयांची यादी आपोआप (हा शब्द इथे माहीत असून वापरतेय) तीनवर येते. प्रत्येक ध्येय चार ओळींत लिहा: काय करणार, कीर्दीतल्या कोणत्या नोंदीवरून, झालं हे कशावरून कळेल, आणि त्यासाठी काय सोडणार. चौथी ओळ रिकामी राहिली तर ते ध्येय नुसती इच्छा आहे.

माझं पहिलं ध्येय असं लिहिलंय. काय: व्हॅक्यूम मुळापासून समजून घेणं. कशावरून: सात ‘आपोआप’, पाच मसुदे, डिस्कचा प्रश्न. कशावरून कळेल: ५ कोटी रोंच्या चाचणी टेबलवर २० टक्क्यांचा डीफॉल्ट आणि त्या टेबलपुरता १ टक्क्याचा, म्हणजे साधारण ५ लाख मेलेल्या रोंवर सफाई सुरू करणारा, असे दोन्ही प्रयोग करून तीन उलगडे लिहिलेले असतील आणि टीमसमोर तासभर प्रश्नांना उत्तरं दिलेली असतील. काय सोडणार: नव्या आवृत्तीच्या बातम्या.

दुसरं ध्येय बोलण्याचं. इथे शब्द जपून निवडा. ‘परिषदेत भाषण देणार’ असं लिहू नका, निवड आपल्या हातात नसते. पोस्टग्रेसवाल्यांची पीजीकॉन्फ इंडिया बेंगळुरूला भरते, आणि अशा परिषदांचे प्रस्ताव काही महिने आधीच मागवले जातात. म्हणून माझी ओळ आहे: मुदतीत प्रस्ताव पाठवणार, आणि त्याआधी तेच भाषण ऑफिसात एकदा व पुण्यातल्या एखाद्या मीटअपला एकदा करून बघणार. नकार आला तरी ध्येय पूर्ण झालेलं असेल. याच ओळीत एक छोटी भर: पोस्टग्रेसच्या अधिकृत दस्तऐवजाच्या प्रत्येक पानाखाली चूक कळवण्यासाठी फॉर्मचा दुवा असतो. वर्षात मला जिथे दस्तऐवज वाचून गोंधळायला झालं, त्यातल्या निदान एका जागेबद्दल तिथे लिहायचं.

तिसरं मराठीचं. आम्ही कॅन्टीनमध्ये डेटाबेसबद्दल दिवसभर मराठीत बोलतो आणि लिहायला बसलो की इंग्रजीत शिरतो. विज्ञान मराठीत पोचवण्याचं काम मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून करतेय, तेव्हा परंपरा नाही अशी सबब चालणार नाही. अडचण शब्दांची आहे, आणि मला वाटतं ती आपण उगाच मोठी करतो. ‘इंडेक्स’ इंडेक्सच राहू दे. पण तो काय करतो हे सांगताना पुस्तकाच्या मागची सूची दाखवली की ज्याला कळायचं त्याला कळतं. ‘लॉक’ला ‘कुलूप’ म्हणायच्या मात्र मी विरोधात आहे. एकाच दाराला एकाच वेळी पाच जणांनी लावलेलं आणि तरी पाचही जण आत वावरतायत, असं कुलूप कुणी पाहिलंय? सामायिक लॉक नेमका तसाच असतो. शब्द मराठी झाला आणि समज बिघडली, तर काय उपयोग? तीन उलगड्यांपैकी एक आधी मराठीत लिहायचा, एवढंच हे ध्येय.

वाचकसंख्येचं ध्येय मी ठेवत नाही. मागे एका वर्षी लेखांच्या संख्येचं ठेवलं होतं, तेव्हा नोव्हेंबरात आकडा भरत नाही म्हणून एका लेखाचे तीन तुकडे केले होते. वाचणाऱ्यांना तीनदा हेलपाटा, मला तीन टिकमार्क.

ऑफिसच्या भाषेत

आमच्याकडे स्वमूल्यमापनाचा फॉर्म फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. त्याला वर्ष एप्रिल ते मार्च लागतं, त्यामुळे कीर्दीत तारखा असल्याचा इथे फायदा होतो. ‘२३ तांत्रिक लेख लिहिले’ या वाक्यावर कोणताही मॅनेजर मान डोलावून पुढे जातो. त्याऐवजी: ‘मायग्रेशनबद्दलचं चुकीचं मार्गदर्शन शोधून दुरुस्त केलं, टीमच्या टेम्प्लेटमधले दोन अनावश्यक टप्पे त्यामुळे गेले, लॉक टाइमआउट आता डीफॉल्ट आहे.’ यात लेखाचा उल्लेखही नाही. स्वतःची चूक फॉर्ममध्ये लिहावी का, हा प्रश्न मला पडला होता. लिहिली. त्यावर काही विपरीत घडलं नाही. लेखनामुळे पगार वाढला असं मात्र मी सांगू शकत नाही, आणि कुणी सांगत असेल तर दोन प्रश्न जास्त विचारा.

मधल्या तपासण्या

डिसेंबरातलं शहाणपण मार्चपर्यंत टिकत नाही. ‘दर तिमाहीला आढावा’ असं कॅलेंडरमध्ये टाकलं की ती सूचना मी हसत हसत पुढे ढकलते. म्हणून तारखा सणांना बांधल्या: गुढीपाडवा, गुरुपौर्णिमा, दसरा. अंतरं अगदी समान नाहीत, पण सण पुढे ढकलता येत नाही. अर्धाच तास, कीर्द उघडायची, तीन ध्येयांपुढे एकेक ओळ लिहायची, आणि यातलं एक बदलायची किंवा टाकायची मुभा स्वतःला द्यायची. दसऱ्याला तर लॅपटॉपवर झेंडूचं फूल असतंच. ते बाजूला करून फाइल उघडायची.

गेल्या गुरुपौर्णिमेला मी अशीच बसले होते आणि दिसलं की बोलण्याच्या ध्येयापुढे काहीच नाही. प्रस्तावाची मुदत कॅलेंडरमध्ये टाकायचीच राहिली होती. तेव्हापासून ध्येय लिहिलं की त्याच मिनिटाला त्यातली पहिली तारीख फोनमध्ये जाते.

यंदाच्या कीर्दीची नवी शीट काल उघडली. पहिली ओळ भरून झालीय. मायग्रेशनची दुरुस्ती टीमच्या चॅनलवर टाकली होती, त्या मुलाचा दहा मिनिटांत निरोप आला, “ताई, मग ती लॉकची रांग बघायची कुठे? कोण कुणाला अडवतंय ते कसं कळणार?” पीजी ब्लॉकिंग पिड्स नावाचं फंक्शन आहे, एवढं मी त्याला तिथल्या तिथे सांगितलं. ते नेमकं काय मोजतं, हे मलाही अजून धड सांगता येत नाही. ‘कशामुळे’ या रकान्यात लिहिलं: कुणीतरी विचारलं. ‘कुठे अडले’: इथेच.